शिवलेल्या पानांवरचा शिक्का

मित्रांनो, माझा चेहरा तुम्हाला सरळ वाचता येणार नाही, कारण तो उलटा आहे. मला आरशासमोर धरले किंवा शाई लावून कागदावर दाबले, तरच तो सुलटा होतो आणि त्यावर एक शब्द दिसतो : रहस्यकथा. आष्ट्याजवळच्या एका गावातील वाचनालयाचा मी जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ सागवानाची आहे आणि ती धरणाऱ्याच्या अंगठ्याने एका बाजूला झिजली आहे. आजवर मी सहाशे अकरा पुस्तकांवर उमटलो. त्यांपैकी सहाशे दहा वेळा माझ्याकडून काही चुकले असे मला वाटत नाही. ही हकिकत उरलेल्या एका वेळेची आहे.

माझा जन्म सांगलीत, बसस्थानकामागच्या बोळातल्या एका दुकानात झाला. दुकान भाऊसो नावाच्या कारागिराचे होते. त्याने अक्षरांचे खिळे जुळवले, त्यांचा साचा काढला, साच्यात कच्चे रबर भरले आणि दाबयंत्रात तापवले. नुसते रबर तापवले तर ते मऊ होते. पण त्यात गंधक मिसळलेले असेल आणि ते दाबाखाली पुरेसे तापवले, तर ते थंड झाल्यावर कायमचे पक्के होते. पुन्हा तापवले तरी वितळत नाही. माझा शब्द असा पक्का झाला. त्याआधी मात्र दुकानात त्या शब्दावरून अर्धा तास चर्चा चालली होती.

मला करून घ्यायला आक्काताई आल्या होत्या. त्या तेव्हा नुकत्याच वाचनालयाच्या ग्रंथपाल झाल्या होत्या. भाऊसोने विचारले, "ताई, नुसतं 'सस्पेन्स' कोरू का? पोरांना तेच कळतंय."

"नको. मराठीत शब्द आहे की. रहस्यकथा."

"म्हंजी जिचा शेवट शेवटीच कळतो, ती?"

"आवं, शेवट तर सगळ्याच गोष्टींचा शेवटीच कळतो," आक्काताई हसल्या. "हे बघा. दाराला आतून कडी आहे. ताटात अर्धी भाकरी आहे. माणूस मात्र खोलीत नाही. तो कुठं गेला हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही. पण ओळखायला जेवढं लागतं, तेवढं सगळं त्यानं आपल्यापुढं मांडलंय. आपण डोकं चालवायचं. शेवटी तो उत्तर सांगतो. ती रहस्यकथा."

"आन् शेवटी बी सांगितलं न्हाई तर?"

"मग ती गूढकथा. नुसतं घाबरवायचं असेल तर भयकथा. आणि पुढं काय होणार ते दिसतंय, तरी आपला श्वास अडकतो, ती थरारकथा."

"माझ्या बायकूचा फोन आला की मला तसंच हुतंय," असे म्हणून भाऊसोने खिळे उचलले.

हा अर्थ मी अंगात घेऊन गावी आलो. वाचनालयाची एकच मोठी खोली. खिडकीसमोर टेबल, टेबलावर शाईची गादी आणि तिच्याशेजारी आम्ही पाच शिक्के : कादंबरी, चरित्र, बालवाङ्मय, आरोग्य व विज्ञान, आणि मी. खिडकीतून रस्ता दिसे, रस्त्यापलीकडे शाळा आणि शाळेपुढचा कडुनिंब दिसे. त्या लिंबाखाली एक आड होता. नळ आल्यापासून त्याचे पाणी कोणी शेंदत नव्हते.

आमच्या वाचनालयात एक रीत होती, जी मी दुसरीकडे कोठे ऐकलेली नाही. एका खोडकर वाचकाने एकदा एका पुस्तकाच्या दहाव्या पानावरच पेन्सिलीने लिहून ठेवले, 'खून डॉक्टरने केला.' तेरा वाचकांचा रस त्याने घालवला. तेव्हापासून आक्काताई ज्या पुस्तकावर मी उमटे, त्याची शेवटची पाने दाभणाने शिवून टाकू लागल्या. वाचकाने शिवणीपर्यंत वाचायचे. मग टेबलापाशी यायचे आणि आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यायचा. चिठ्ठी दिली की आक्काताई कात्रीने दोरा कापत. वाचकाने तिथेच बाकावर बसून शेवट वाचायचा आणि पुस्तक परत करायचे. पुढच्यासाठी पाने पुन्हा शिवली जात. आणि वाचनालयाच्या खोलीत कोणत्याही पुस्तकाचा शेवट कोणी उच्चारायचा नाही.

या रीतीने माझे भाग्य उजळले. लोक माझ्या नावाचे पुस्तक मागून नेत. "शिवलेलं द्या ताई, मोकळं नको," असे म्हणत. आठवड्याच्या बाजारात अंदाजांवरून वाद होत. माझा ठसा दिसला की कोणाचाही चेहरा जरा गंभीर होई आणि डोळे चमकत. शिक्क्याला याहून मोठी शाबासकी कोणती?

पुढे मोबाइल आले. बाक रिकामे पडू लागले. एका वर्षी मी फक्त चार वेळा उमटलो. माझ्यावर धूळ बसली, 'र'च्या गाठीत वाळलेल्या शाईचा खडा झाला. पण दोन वाचकांनी मला कधी सोडले नाही. एक राहीबाई, अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता निवृत्त झाल्या आहेत. निम्म्या गावाची शेंबडी नाके त्यांनी पुसलेली. दुसरे नाथाजी; फौजेतून हवालदार म्हणून आलेले. सगळे त्यांना आण्णा म्हणत. या दोघांची अंदाजाची चढाओढ होती. राहीबाई बहुतेक वेळा जिंकत, आणि आण्णा म्हणत, "बाईमाणसाला संशय घ्यायची सवयच असती." त्यावर राहीबाई म्हणत, "आन् फौजी माणसाला हुकमाशिवाय डोकं चालवायची सवय नसती."

यंदा फाल्गुनात गावातले लालासाहेब मास्तर वारले. ते शाळेत विज्ञान शिकवत. मूळचे औंधकडचे, पण सगळी नोकरी आमच्याच गावात झाली. त्यांच्या लेकीने त्यांची पुस्तके वाचनालयाला दिली. त्रेचाळीस पुस्तके होती, आणि त्यांत मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहून बांधून घेतलेले एक होते. त्याचे नाव होते, 'आडाने माणसे का गिळली?'

आक्काताईंनी ते उघडले. एका कोरड्या गावात, एका भर दुपारी, बिरदेव नावाचा माणूस गाळ काढायला आडात उतरतो आणि हाक मारली तरी ओ देत नाही. त्याला बघायला अर्जुना उतरतो. तोही ओ देत नाही. आत सोडलेला कंदील आपोआप विझतो. कोणाच्या अंगावर जखम नाही, आडात गुडघाभरही पाणी नाही. मग कोणी मारले? आक्काताईंनी उभ्याउभ्या चार पाने वाचली. त्यांचा चहा निवून गेला. बाकीची पाने त्यांनी मुद्दाम वाचली नाहीत. इतरांसारखा आपणही अंदाज करावा, ही त्यांची हौस. अजून चाळीसेक पुस्तके पुढ्यात होती. त्यांनी दाभण घेऊन शेवटची सात पाने शिवली. मग त्यांचा हात शिक्क्यांकडे आला. 'आरोग्य व विज्ञान' माझ्या शेजारीच उभा होता. त्यांनी मला उचलले.

मी उमटलो. स्वच्छ, एकही अक्षर न फाटता. मला आनंदच झाला.

पुस्तक वैशाखात देवघेवीला निघाले. पहिल्यांदा ते विश्वजीतने नेले. हा गावातल्या तरुण मंडळाचा पुढारी, हौशी आणि धडपड्या. दोन दिवसांत त्याने ते परत आणले. "ताई, मास्तर एवढं झ्याक लिवत हुते व्हय! अंगावर काटा आला. अंदाज मागनं सांगतो," असे म्हणून तो गेला. त्याला मंडळाची घाई होती. मग ते आण्णांनी नेले, शिवणीपर्यंत वाचले आणि राहीबाईंसाठी परत केले. पण चिठ्ठी त्यांनी दिली नाही. रोज सकाळी येऊन ते वर्तमानपत्रामागे बसत आणि विचार करत. आडाच्या आत भुयार असावे आणि मारेकरी त्यात दडलेला असावा, एवढ्यापर्यंत ते आले होते. अर्थात हे त्यांनी कोणाला सांगितलेले नव्हते. पण चिठ्ठीवर लिहून चार वेळा खोडलेले मी पाहिले होते. शेवट मात्र अजून कोणीही वाचलेला नव्हता.

त्याच दिवसांत नळाला चार दिवसांआड पाणी येऊ लागले. तरुण मंडळाने ठरवले की शाळेपुढचा आड उपसायचा. गाळ काढला तर झरा मोकळा होईल. चांगले काम होते. रविवारी सकाळी दहाला पोरे दोर, घमेली आणि कप्पी घेऊन लिंबाखाली जमली. अंगाने हलका म्हणून प्रशांतला उतरवायचे ठरले. प्रशांत म्हणजे आण्णांचा धाकटा मुलगा, चोवीस वर्षांचा.

त्या वेळी मी आक्काताईंच्या मुठीत होतो. नवे पुस्तक समोर होते, मला शाई लावलेली होती. आण्णा खिडकीपाशी बसून एक डोळा वर्तमानपत्रावर आणि एक आडाकडे ठेवून होते. "आमचा पश्या उतरतुया," त्यांनी आक्काताईंना तिसऱ्यांदा सांगितले. तेवढ्यात राहीबाई पुस्तक घेऊन आल्या.

"घ्या चिठ्ठी," त्या म्हणाल्या. "आण्णांचं डोकं अजून वाटंतच हाय जणू."

"तुमी व्हा म्होरं," आण्णा म्हणाले. "मी पक्कं करूनच लिवणार."

चिठ्ठीवर राहीबाईंनी एकच शब्द लिहिला होता : साप. आक्काताईंनी एका हाताने कात्री चालवली आणि दोरा कापला. राहीबाई बाकावर बसल्या. त्या ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचतात. पहिल्या पानावर त्या पुटपुटल्या, "साप न्हाई म्हंजी." दुसरे पान उलटले. तिसऱ्या पानावर त्यांचे बोट थांबले. ते मागच्या ओळीवर गेले, पुन्हा पुढे आले. मग त्यांनी मान वर करून खिडकीबाहेर पाहिले.

"आक्काताई, शाळंम्होरला आड कवापास्नं उपसला न्हाई?"

"वीस वर्षं तरी झाली असतील. का हो?"

"लिंबाचा पाला त्यातच पडतुया न्हवं?"

"ओ राहीबाई!" आण्णांनी वर्तमानपत्र खाली टाकले. "गोष्टीतलं काय बी बोलू नका. माझा अंदाज बाकी हाय!"

"आण्णा, जरा ऐका..."

"न्हाई म्हंजी न्हाई! लय दिस झालं डोकं शिणवतुया मी." आणि त्या मिशाळ हवालदाराने लहान पोरासारखे दोन्ही हात कानांवर ठेवले.

आक्काताईही म्हणाल्या, "राहीबाई, नियम तुम्हाला ठाऊक आहे. शेवट इथं बोलायचा नाही."

बाहेरून आवाज आला, "सोडा... हळू सोडा... अजून सोडा..." कप्पी करकरत होती.

मित्रांनो, मला बोलता येत असते, तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. पण मला एकच शब्द येतो, आणि नेमका त्याच शब्दाने त्या खोलीतल्या सगळ्यांची तोंडे बांधून ठेवली होती. राहीबाईंनी वीस वर्षांत एकाही पुस्तकाचा शेवट फोडला नव्हता.  त्यांनी घाईने उरलेली पाने उलटली. सातव्या पानावर त्यांची नजर पडली मात्र, आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"ही गोष्ट न्हाई!" त्यांनी पुस्तक टेबलावर आदळले. "मास्तरांनी खऱ्या माणसांची नावं लिवल्यात. साल लिवलंय. आन् आपला शाळंम्होरला आड लिवलाय, त्यात कुणी उतरू नगा म्हणून! आण्णा, हात काढा कानावरचं, तुमचं पोरगं मरंल!"

हात कानांवर असूनही ते शेवटचे वाक्य आत गेले. आण्णा खुर्ची पाडून उठले. ते पुढे, पुस्तक छातीशी धरून राहीबाई मागे, आणि त्यांच्या मागे आक्काताई. मला खाली ठेवायचे भान त्यांना राहिले नाही. असा मी, जन्मात पहिल्यांदा, टेबल सोडून रस्त्यावर धावलो.

आडाच्या काठावर पोरे वाकून उभी होती. पाच जणांनी दोर धरला होता. आत बॅटरीचा दिवा सोडलेला होता आणि तो लख्ख जळत होता. विश्वजीत आत तोंड घालून म्हणत होता, "काय रं पश्या, मास्तरांचं भूत भेटलं का?"

खालून आवाज आला, पण तो हसरा नव्हता. "विश्वा... लय जड वाटतंय... डोकं..."

मग काही नाही.

"पश्या!" आण्णा काठावर आले. "ए प्रशांत!"

आडाने त्यांची हाक तेवढी परत दिली. विश्वजीतचा चेहरा पांढरा पडला. त्याने पायातली चप्पल झटकली आणि काठावर मांडी टाकली. "मी जातो. सोडा मला. दुसरा दोर द्या!"

राहीबाईंनी त्याच्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली. "न्हाई जायाचं! मास्तरांचा दुसरा माणूस असाच उतरला हुता!"

"आवं काकू, दिवा जळतोय की आत! हवा हाय!"

"त्यो बॅटरीचा हाय, मुडद्या! त्याला हवा कशाला लागतीया?"

राहीबाईंनी बरोबर तीच गोष्ट हेरली होती. कंदिलाच्या ज्योतीला प्राणवायू लागतो, म्हणून वाईट हवेत कंदील विझतो. अर्थात कंदील जळत राहिला म्हणजे हवा माणसासाठी चांगली, असेही नव्हे, हे मास्तरांनी पुढे लिहिलेच होते. बॅटरीचा दिवा तर काहीच सांगत नाही. पोरांनी त्याच्या उजेडावर भरवसा ठेवला होता.

"वर ओढा," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "सगळे एका तालात. ओढा."

दोर प्रशांतच्या काखांखालून बांधलेला होता, म्हणून निदान ओढता येत होते. पाच पोरे आणि विश्वजीत मागे झुकले. दोर दोन हात वर आला, चार हात आला, आणि अडकला. आडाच्या भिंतीतून उंबराचे मूळ बाहेर आले होते. प्रशांतचा खांदा त्याच्याखाली गुंतला होता. पोरांनी जोर लावला. दोर ताणून कण्हला. खाली मान टाकलेला प्रशांत तसाच लोंबकळत होता.

आक्काताईंची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली गेली, की त्यांच्या नाडीचे ठोके मला माझ्या लाकडात लागत होते.

आण्णा काठावर पालथे झोपले आणि आत पाहू लागले. मग ते म्हणाले, "खाली सोडा."

कोणी हलले नाही.

"दोन हात खाली सोडा. मूळ सुटल्याबिगर वर येत न्हाई त्यो."

"आण्णा, खालीच तर वाईट हवा हाय," विश्वजीत रडकुंडीला आला. "खाली कसं सोडू त्याला?"

"माझा ल्योक हाय आन् मीच सांगतुया. सोडा!"

पोरांनी दोर सोडला. एक हात. दोन हात. प्रशांतचे डोके दिव्याच्या उजेडातून खाली, काळोखात गेले. आण्णांनी दोर स्वतःच्या हाताने डावीकडे ढकलला, एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तो मुळापासून दूर झाला. "आता ओढा! थांबू नका!"

मी वेळ मोजणारे यंत्र नाही. पण आक्काताईंच्या नाडीचे एकशे दहा ठोके मी मोजले, तेव्हा प्रशांतचे डोके काठावर आले. ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले. त्याला लिंबाच्या सावलीत, पण मोकळ्या वाऱ्यात झोपवले. राहीबाईंनी त्याच्या नाकाशी बोटे धरली.  सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"हाय," त्या म्हणाल्या. "बारीक हाय, पण हाय."

रुग्णवाहिका आली. सांगलीच्या दवाखान्यात प्रशांतला आत नेले आणि दार बंद झाले. बाहेरच्या बाकावर आण्णा, राहीबाई आणि आक्काताई बसले. तिथे आक्काताईंनी मूठ उघडली. त्यांच्या तळव्यावर माझा शब्द उमटला होता, घामाने जरा पसरलेला. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदराने तळवा पुसला. शाई गेली नाही.

"मी शेवट वाचला नव्हता," त्या म्हणाल्या. "चार पानं वाचली, मजा वाटली, आणि शिवून टाकलं. आण्णा, चूक माझी आहे."

 आण्णा म्हणाले, "कान मी झाकलं हुतं, ताई." आणि मग, राहीबाईंकडे न बघता, "सांगा आता."

"काय?"

"शेवट. वाचा मोठ्यांदा."

राहीबाईंनी पुस्तक उघडले आणि त्यांच्या बोटाच्या चालीने, एकेक ओळ वाचली. 'आडात भूत नव्हते. आडात मारेकरीही नव्हता. पाला आणि गाळ वर्षानुवर्षे कुजतो, तेव्हा तो हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो आणि कर्बवायू सोडतो. कर्बवायू हवेहून जड असतो. वारा लागत नसेल, तर तो तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. बिरदेव त्यात उतरला. अर्जुना त्याला काढायला उतरला. तिसरा मी उतरणार होतो, पण माझ्या आईने माझा हात सोडला नाही. म्हणून हे लिहायला मी उरलो. आपल्या शाळेपुढचा आड असाच आहे. हवा तपासल्याशिवाय त्यात कोणीही उतरू नये. आत माणूस बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे मुळीच उतरू नये.'

"म्हंजी भुयार न्हवतं," आण्णा म्हणाले. त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला, आणि त्यांचे खांदे हलू लागले.

दार उघडायला आणखी दोन तास लागले. बाहेर आलेली डॉक्टरीण तरुण होती. ती म्हणाली, "शुद्धीवर आलाय. कुणी आण्णा आहेत का इथं? आडाला पाणी लागलं का, म्हणून विचारतोय."

नंतर आष्ट्याच्या नगरपालिकेच्या अग्निशमन दलाने आडात यंत्र सोडून हवा मोजली. चांगल्या हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो. तळाशी तो अकरा भाग निघाला. आता आडावर लोखंडी जाळी आहे. तो उपसायचे काम पंखा लावून, माहीतगार माणसांच्या देखरेखीखाली होणार आहे.

पुढच्या रविवारी आक्काताईंनी वाचकांसमोर स्वतःची चूक सांगितली. एकाने सुचवले, त्या पुस्तकावरचा शिक्का खोडून टाका. मी शाईच्या गादीशेजारी उभा राहून ऐकत होतो. माझ्या साऱ्या आयुष्याचा निकाल लागत होता.

आक्काताईंनी पुस्तक पुढ्यात घेतले. "नाही," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी ते मुद्दाम तसंच लिहिलं असणार. नुसतं सांगितलं तर कोण ऐकतंय? लोकांनी शेवटपर्यंत वाचावं म्हणून त्यांनी उत्तर मागं ठेवलं. शब्द खोटा नाही. तो बघून आपण ठरवलं की आतलं सगळं खोटं असणार, आणि शेवट आपणच शिवला." मग त्यांनी पुस्तकाची बांधणी उसवली, शेवटची सात पाने काढली आणि ती पहिल्या पानाच्या आधी लावली. माझा ठसा आहे तिथेच राहिला.

प्रशांत महिन्याभराने आला. अंगाने आणखी हलका झाला होता. त्याने ते पुस्तक मागितले. आक्काताईंचा हात सवयीने चिठ्ठीकडे गेला आणि मध्येच थांबला. प्रशांत हसला. "माझा अंदाज नगं, ताई," तो म्हणाला. "मी तितं जाऊन आलोय."

मित्रांनो, मला आता बावीस वर्षे झाली. माझे रबर कडक होत चालले आहे आणि एखाद्या उन्हाळ्यात ते तडकेल. तोवर एक मागणे आहे. तुमच्याही हातात नावे ठेवायचे शिक्के असतात. ही थाप आहे, ही गंमत आहे, हा वेडा आहे, असे तुम्ही क्षणात उमटवून मोकळे होता. खुशाल उमटवा, पण आधी शेवटच्या पानापर्यंत जा. पाने शिवलेली असतील, तर दोरा कापा. मी गादीशेजारी थांबेन. मला कसलीच घाई नाही.